घरोघरचे विज्ञान : छपरावरची वीज आणि आभाळातले पाणी

रोहिणी नक्षत्र निम्मे सरले की घराघरांतून पावसाळ्याची बेगमी सुरू होते. कौले परतली जातात, पन्हळीतील पाचोळा काढला जातो, सरपण वळचणीच्या आत येते, पापड-कुरडयांचे डबे घट्ट झाकले जातात. ही सारी सिद्धता आपल्या आजीपणजींनी घालून दिलेली आहे. तीत सहसा चूक व्हावयाची नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या छपरांवर एक नवा पाहुणा येऊन बसला आहे, आणि त्याची बेगमी कशी करावी हे आजीने सांगून ठेवलेले नाही. कारण तिच्या काळी तो नव्हताच. हा पाहुणा म्हणजे सौर विजेचे फलक.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजना’ जाहीर झाली, तेव्हा एक कोटी घरांच्या छपरांवर असे फलक बसविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये असे साहाय्य त्या वेळी ठरले. विजेचे बिल उतरले, आणि घरोघरी समाधान झाले. पण फलकांच्या काचेकडे जितके आपले लक्ष असते, तितके त्यांच्या पोटाखालून निघून भिंतीवरून उतरणाऱ्या तारांकडे असते काय? फलक चकचकीत असतो, तो पुसावासा वाटतो. तार काळी, मुकी आणि आडोशाला असते. आणि पावसाचे पाणी नेमके तिच्याच वाटेने घरात शिरते.

गेल्या वर्षी श्रावणात मी रत्नागिरी जिल्ह्यातील माझ्या मामांकडे गेले होते. त्यांच्या गच्चीवर सहा फलक आहेत. सकाळी चहाच्या वेळी पाहिले, तर जिन्याखाली बसविलेल्या इन्व्हर्टरवर तांबडा दिवा लागलेला. मी विचारले, “मामा, हे यंत्र बिघडले आहे का?” मामा हसून म्हणाले, “अगं, पावसाळ्यात त्यालाही माझ्यासारखा सकाळी उठावयाचा कंटाळा येतो. दहा वाजले, ऊन पडले, की आपोआप हिरवा दिवा लागतो. तिसरे वर्ष आहे त्याचे हे.” आम्ही सारेच हसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी सर ओसरल्यावर मामी गच्चीवर गेल्या. कपडे वाळत घालण्याची तार फलकांच्या लोखंडी सांगाड्याला बांधलेली होती. तिला हात लावताच त्यांच्या बोटांना झिणझिण्या आल्या. त्या ओरडल्या नाहीत, खाली येऊन एवढेच म्हणाल्या, “पोरांना वर पाठवू नका.”

त्या दिवशी विनोद संपला. जवळच्या गावचा एक जाणता वायरमन आला. त्याने आधी इन्व्हर्टर रीतसर बंद केला, हातमोजे घातले आणि फलकांच्या खाली वाकून पाहिले. तार अपुरी पडली म्हणून बसविणाऱ्याने मध्येच दोन तुकडे पिळून जोडले होते आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. तो जोड नेमका पन्हळीच्या काठावर, साचलेल्या पाण्यात पडून होता. पट्टी सोडविली तेव्हा आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी निघाली. शिवाय सांगाड्याला जमिनीशी जोडणारी अर्थिंगची तार गंजून तुटली होती. म्हणजे वीज बाहेर सांडत होती आणि सांडलेली वीज वाहून नेणारी मोरीही बुजलेली होती. इन्व्हर्टर मात्र तीन वर्षे रोज सकाळी तांबडा दिवा लावून हेच सांगत होता.

ही हकीकत मी एवढ्याचसाठी सांगितली की असा तांबडा दिवा देशातील अनेक घरांत लागत असेल, आणि अनेक घरांत त्यावर असाच विनोद होत असेल.

पाण्याचे आणि विजेचे वैर

शुद्ध पाणी विजेचे फार वाईट वाहक आहे. पण शुद्ध पाणी आपल्या छपरावर मिळते कुठे? पावसाचा थेंब धूळ, धूर, पक्ष्यांची विष्ठा आणि समुद्रकाठी मीठ अंगाला लावून घेतो, आणि मग तो वीज वाहून नेऊ लागतो. हे वैर जुने आहे. १८५१ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील समुद्रातून तारायंत्राची केबल टाकली गेली, तेव्हा तांब्याच्या तारेवर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे वेष्टण चढवावे लागले होते. वेष्टण शाबूत तर संदेश शाबूत, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

मग घरातील नेहमीच्या तारांपेक्षा सौर तारांची काळजी वेगळी का? याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण उघड आहे. घरातली तार भिंतीच्या आत सुखात असते. सौर तारेला पंचवीस वर्षे उघड्यावर काढावयाची असतात. चैत्रात तापलेल्या पत्र्याची धग, आषाढात सरी, पौषात दव. तिला विसावा नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. घरातला मुख्य खटका खाली केला की घरच्या तारा निर्जीव होतात. पण सूर्याला खटका नाही. जोवर उजेड आहे तोवर फलक आणि इन्व्हर्टर यांच्यामधील तारांत विजेचा दाब असतोच. हल्लीच्या मोठ्या घरगुती फलकाचा उघडा दाब ५० व्होल्टच्या आसपास असतो. असे सहा फलक एकामागे एक जोडले की ३०० व्होल्टच्या जवळपास जातो. ढगाळ दिवशी प्रवाह घटतो, पण दाब फारसा उतरत नाही. म्हणून ‘आज ऊन नाही, हात लावावयास हरकत नाही’ हा समज घातक आहे.

तिसरे कारण विजेच्या जातीचे आहे. वीज मंडळाकडून येणारा प्रवाह उलटसुलट वाहतो आणि सेकंदाला शंभर वेळा क्षणभर शून्यावर येतो. त्यामुळे कुठे ठिणगी पडलीच तर ती विझावयास संधी मिळते. फलकातून येणारा प्रवाह एकाच दिशेने अखंड वाहतो. सैल, ओल्या जोडात ठिणगी पडली तर ती विझत नाही. तिची ज्योत होते आणि ती प्लॅस्टिक, पाचोळा, लाकूड यांना लागू शकते. याच एकमार्गी प्रवाहामुळे दुसरेही नुकसान होते. दागिन्यांवर मुलामा चढविताना जसा धातू एका टोकाकडून विरघळून दुसरीकडे जातो, तसेच ओल्या जोडात घडते आणि धन बाजूचे तांबे हळूहळू खाल्ले जाते. मामांच्या तारेत जी हिरवी भुकटी सापडली ती हीच.

ओल शिरावयाच्या चार वाटा

पहिली वाट जोडाची. सौर तारा एकमेकींस जोडण्यासाठी ‘एमसी-४’ जातीचे काळे कनेक्टर वापरतात. त्यांच्या आत रबरी कडे असते, आणि दोन्ही भाग ‘टक’ असा आवाज होईतो बसले म्हणजे आत पाणी जात नाही. मात्र ही हमी पूर्ण बसलेल्या जोडाची आहे. अर्धवट बसलेला, टोपी न लावता मोकळा सोडलेला, किंवा दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे भाग जबरीने एकत्र केलेला कनेक्टर पाण्याला दार उघडे ठेवतो. चांगला कनेक्टरसुद्धा छपरावर लोळत ठेवावयाचा नसतो. तो फलकाच्या सावलीत, छपरापासून उंच, आडवा बांधून ठेवावा. पिळून जोडलेली तार आणि काळी चिकटपट्टी यांना तर छपरावर मज्जावच असावा. त्या पट्टीचा डिंक उन्हाने पाघळतो, पट्टी सुटते, आणि मग ती पाणी बाहेर ठेवण्याऐवजी आत कोंडून धरते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तारेच्या आत तांब्याचे पुष्कळ बारीक धागे असतात. समईची वात जशी तेल वर ओढून घेते, तसे हे धागे एका उघड्या टोकातून पाणी ओढून घेतात. ते वेष्टणाच्या आतून दूरवर जाते आणि भलत्याच ठिकाणी बिघाड दाखविते. म्हणून चांगल्या सौर केबलमधील तांब्याच्या धाग्यांना कल्हई केलेली असते. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई का करतात हे गृहिणींना सांगावयास नको. कळंक चढू नये म्हणून. तारेच्या बाबतीतही कारण तेच आहे.

दुसरी वाट पेटीची. फलकांच्या तारा ज्या पेटीत एकत्र येतात, तिच्यावर ‘आयपी’ अशी दोन अक्षरे आणि पुढे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी-५४ म्हणजे उडणारे शिंतोडे सोसणारी पेटी. आयपी-६५ म्हणजे पाण्याचा झोतही सोसणारी. आयपी-६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी टिकणारी. उघड्या गच्चीवर ६५ पेक्षा कमी आकड्याची पेटी स्वीकारू नये. मात्र आकडा नव्या आणि नीट बंद केलेल्या पेटीचा आहे. वायरमनने वरच्या बाजूने एक भोक पाडून त्यातून तार सोडली की ६५ चा आकडा केवळ शोभेचा उरतो. तार नेहमी पेटीच्या तळातून आत जावी आणि प्रत्येक भोकात तारेच्या जाडीचा ग्लँड, म्हणजे आवळून बसणारी रबरी बुचासारखी नळी, असावी. न वापरलेले भोक बुचाने बंद असावे.

पेटी घट्ट असली तरी ओल येते, याचे पुष्कळांना नवल वाटते. गरम पोळ्या डब्यात घालून झाकण लावले की झाकणाला आतून पाणी सुटते. पेटीतही तसेच होते. दिवसा पेटीतील हवा तापून फुगते व फटीतून थोडी बाहेर जाते. संध्याकाळी सर आली की पेटी एकदम गार होते, हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. रात्री त्या दमटपणाचे थेंब होतात. यावर उपाय म्हणून हवा जाऊ देणारे पण पाणी अडविणारे खास बूच पेटीच्या तळाशी बसवितात. आपण होऊन पेटीला छिद्र पाडू नये. जाणत्याकडून हे बूच बसवून घ्यावे. पेटी भर उन्हात न ठेवता सावलीत, उत्तरेच्या भिंतीवर किंवा फलकाच्या आडोशाला बसविली तर हा श्वासोच्छ्वास आपोआप कमी होतो.

फटी बुजविण्यासाठी नळीतून पिळावयाचे सिलिकोन सर्रास वापरतात. त्यांपैकी ज्याला शिर्क्यासारखा आंबूस वास येतो, ते विजेच्या पेटीत वापरू नये. त्यातून सुटणारे आम्ल तांब्याला खाते. वास नसलेले, ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले सिलिकोन घ्यावे. आणि पेटी भिंतीला चिकटविताना वरची व दोन्ही बाजूंची फट बुजवावी. खालची मोकळी सोडावी. पाणी आत येणारच नाही असे मानणे हा अहंकार होय. आलेच तर बाहेर पडावयास वाट ठेवणे हा शहाणपणा.

तिसरी वाट नळीची. तारा ज्या कंड्यूट नळीतून भिंतीवरून उतरतात, तिचे वरचे तोंड आभाळाकडे उघडे असेल तर ती नळी नव्हे, ते नरसाळे होय. वरचे तोंड नेहमी खाली वळविलेले असावे. तार घरात शिरते तेथील भिंतीचे भोक बाहेरच्या बाजूस उतरते असावे, आणि आत शिरण्यापूर्वी तारेला खाली लोंबता वळसा दिलेला असावा. पाणी तारेवरून घरंगळत येते, वळशाच्या तळाशी थबकते आणि पागोळीसारखे गळून पडते. ते चढून आत जात नाही. या वळशाला एक हातभर तार जास्त लागते, खर्च जवळजवळ नाही; आणि तरी तोच पुष्कळ ठिकाणी दिलेला नसतो.

चौथी वाट वेष्टणाची. साध्या घरगुती तारेचे वेष्टण उन्हाने काही वर्षांतच तडकते. सौर केबलचे वेष्टण दुहेरी असते आणि ऊन, पाणी, उष्णता सोसण्यासाठीच बनविलेले असते. तिच्यासाठी ‘आयएस १७२९३’ हे भारतीय मानक २०२० मध्ये ठरले असून ते १५०० व्होल्टपर्यंतच्या एकमार्गी प्रवाहाच्या केबलसाठी आहे. केबलच्या अंगावर मानकाचा क्रमांक छापलेला आहे की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. पण उत्तम केबलही पत्र्याच्या धारेवर वाऱ्याने घासत राहिली तर फाटणारच. तिला बांधलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिक पट्ट्या दोनतीन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन तुटतात आणि केबल छपरावरील पाण्यात लोळू लागते. उन्हात टिकणाऱ्या काळ्या पट्ट्या किंवा वेष्टण असलेल्या धातूच्या क्लिपा वापराव्यात. उंदीर आणि खारी यांच्या दातांचाही विसर पडू नये. फलकांखाली कबुतरांनी घरटी केली तर तो काडीकचरा दिवसचे दिवस ओला राहतो. कडेने बारीक जाळी लावली म्हणजे दोन्ही त्रास टळतात.

पावसापूर्वीची एक फेरी

यांतील दुरुस्तीची कामे वायरमनची आहेत, परंतु पाहण्याचे काम घरच्या माणसाचे आहे. कोरड्या दिवशी, सकाळी, पायांत चपला घालून, कशालाही हात न लावता गच्चीवर एक फेरी मारावी आणि पुढील गोष्टी वहीत टिपाव्यात :

१. कोणती तार छपराला, पन्हळीला किंवा साचलेल्या पाण्याला टेकली आहे काय?
२. कुठे काळी चिकटपट्टी, पिळलेला जोड किंवा टोपी नसलेला कनेक्टर दिसतो काय?
३. पेटीच्या पारदर्शक झाकणाआड वाफ, मुंग्या, गंज किंवा हिरवट डाग आहेत काय?
४. नळीचे तोंड वर उघडे आहे काय? घरात शिरणाऱ्या तारेला खाली वळसा आहे काय?
५. सांगाड्यापासून जमिनीपर्यंत गेलेली अर्थिंगची पट्टी सलग आहे काय? तिचे नटबोल्ट गंजले आहेत काय?
६. सांगाड्याला कपड्यांची तार, झेंड्याची काठी वा पतंगाची दोरी बांधलेली आहे काय? असल्यास जाणत्याने तपासल्यानंतर ती सोडून घ्यावी आणि पुन्हा कधीही बांधू नये.

ही वही घेऊन वायरमनला बोलवावे. त्याच्याकडून तारांच्या वेष्टणाची ‘मेगर’ यंत्राने तपासणी करून घ्यावी. ३०० व्होल्टच्या आसपासच्या घरगुती संचासाठी हा रोध निदान एक मेगओहम भरला पाहिजे. त्याहून कमी भरला तर कुठेतरी ओल आहे असे समजावे. आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा. दरवर्षी तो उतरत गेला, तर बिघाड दिसावयाच्या आधीच कळतो. सूर्यघर योजनेखालील कामांत बसविणाऱ्याने पाच वर्षे देखभाल करावयाची असते. आपला करार काढून वाचावा आणि हक्काची देखभाल मागून घ्यावी. मागण्यात संकोच नको.

आता जे करू नये तेही सांगितले पाहिजे. चालू संचाचा कनेक्टर हाताने ओढून सोडवू नये. तत्क्षणी ठिणगीची ज्योत होते. पेटीवर वा कनेक्टरवर नळीने पाण्याचा झोत मारून फलक धुऊ नयेत. तांबडा दिवा लागला की बटण दाबून यंत्र पुन्हा पुन्हा चालू करू नये. इन्व्हर्टर रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी तारांचे वेष्टण स्वतःच तपासतो. ओल असेल तर तो थांबतो, आणि उन्हाने ओल सुकली की चालू होतो. तो आळशी नसतो. तो इमानी असतो. पेटीतून धूर दिसल्यास पाणी ओतू नये. शक्य असल्यास खालचे खटके बंद करावेत, माणसे दूर न्यावीत आणि अग्निशामक दलाला ‘घरावर सौर फलक आहेत’ हे आधी सांगावे. पुराचे पाणी इन्व्हर्टरपर्यंत चढले असेल तर त्या पाण्यात पाय घालू नये.

आपले वाचक देशभर पसरलेले आहेत, आणि प्रत्येकाचा पाऊस वेगळा. केरळात तो साधारण १ जूनला उतरतो, मुंबईत त्यानंतर दहाएक दिवसांनी, दिल्ली-ग्वाल्हेरकडे जूनअखेर. तंजावर-चेन्नईकडील मंडळींचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असा ईशान्येकडून येतो. त्यांनी ही फेरी दसऱ्याच्या आधी मारावी. मेघालयातील मौसिनराम येथे वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे वर्षातून एक फेरी पुरावयाची नाही. काशी-प्रयागकडे पाऊस संपला तरी पौषातले धुके आणि दव आहेच. कोकण, गोवा, विशाखापट्टण अशा समुद्रकाठी तर मिठाचा थर नुसत्या दवानेही ओला होऊन वीज वाहू लागतो. तेथे स्क्रू आणि नटबोल्ट स्टेनलेस पोलादाचेच असावेत.

मामांच्या घरी त्या दिवशी पिळलेला जोड काढून सलग केबल टाकली, ती उंच बांधली, अर्थिंगची नवी पट्टी घातली आणि पेटी पन्हळीपासून दूर हलविली. सारा खर्च त्यांच्या एका महिन्याच्या जुन्या वीजबिलाहून फारसा अधिक आला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून संततधार होती. उजाडताच हिरवा दिवा लागला. मामा बराच वेळ त्याच्यासमोर उभे होते. मग मामींना म्हणाले, “तीन वर्षे तो सांगत होता, मी ऐकत नव्हतो.” मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी कपड्यांची तार माडाच्या दोन खोडांना बांधून घेतली होती, तीवर त्या ओले पंचे पसरीत होत्या.

मृगाचे पहिले ढग दिसावयास अवकाश असेल, तर वाचकहो, आजच गच्चीवर जाऊन या. कौले परतली असतील, डबे झाकले असतील. आता तारांकडे तेवढी एक नजर टाकावयाची राहिली आहे.